कोसुथ काउंटीत एकरेज घेताय? आधी जमिनीखालचं पाणी कुठं जातं ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा होता. बायको डॉक्टर आहे, जे-वन वेव्हरवर (परदेशी डॉक्टरची मायदेशी परतायची अट माफ होते, बदल्यात ठरावीक भागात काम करायचं) अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, कोसुथ काउंटीतल्या अल्गोना गावात तीन वर्षांसाठी जॉइन होतेय, नवरा घरून आयटीचं काम करतो, दोघंही पुण्याचे. गावापासून नऊ-दहा मैलांवर पाच एकरातलं जुनं फार्महाउस (गावाबाहेरच्या अशा घरासकट जागेला इथं एकरेज म्हणतात) बघून ठेवलंय, किंमत परवडतेय, पण टॅक्सच्या कागदावर 'ड्रेनेज' नावाची एक वेगळी ओळ दिसली. एजंटला विचारलं तर तो म्हणाला किरकोळ आहे, इथं सगळ्यांनाच असते. त्यावरून त्यांनी विचारलंय की काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं काही आहे का, कलेक्टर कोण असतो, आणि उद्या रस्ता, पाणी किंवा शेजारच्या डुकरांच्या शेडवरून काही झालं तर जायचं कुणाकडं.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, आणि गेली अठरा वर्षं उत्तर आयोवात ड्रेनेज इंजिनियर म्हणून काम करतोय. काउंट्यांचा नोकर नाही, पण त्या आमच्या फर्मला काम देतात, त्यामुळे या भागातल्या बऱ्याच कोर्टहाउसच्या काउंटरवर माझं आयुष्य गेलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती ओळ आज किती डॉलरची आहे हे फार महत्त्वाचं नाही, खरंच किरकोळ असेल. ती कुणी लावली, कशाच्या आधारावर लावली, आणि पुढच्या वर्षी ती दहापट झाली तर ते कुठल्या खोलीत ठरतं हे तुम्हाला घर घेण्याआधी कळलं पाहिजे, आणि ते कळलं की काउंटी म्हणजे काय हेही आपोआप कळतं. अर्थात बरंच काही तुमची जागा नेमकी कुठल्या सेक्शनमध्ये (मैलभराच्या चौकोनात) आहे, कुठल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टमध्ये (निचऱ्यासाठी एकत्र बांधलेल्या शेतांमध्ये) आहे, सेप्टिक किती जुनं आहे आणि दारातला रस्ता कुठल्या दर्जाचा आहे यावर अवलंबून आहे, ते मला इथून दिसत नाही, पण कसं तपासायचं ते सांगू शकतो.

आधी जागा समजून घ्या. आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि कोसुथ त्यात क्षेत्रफळानं सगळ्यात मोठी, सुमारे ९७४ चौरस मैल, म्हणजे अडीच हजार चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत तिथं माणसं भरली १४,८२८. आमचा सांगली जिल्हा हिच्या साडेतीन पटसुद्धा नाही आणि २०११ ला तिथं २८ लाखांवर लोक होते, यावरून अंदाज घ्या. नाव पडलं हंगेरीचा पुढारी लायोश कोशूत याच्यावरून, १८५१ ला या काउंट्या आखल्या तेव्हा तो जगभर गाजत होता. त्याच वर्षी उत्तरेला बँक्रॉफ्ट नावाची आणखी एक काउंटी आखली होती पण तिथं वस्ती करायला कुणी येईचना, कारण बराचसा भाग पाणथळ, मग १८५५ ला ती कोसुथमध्येच घातली. पुढं १८७० ला तोच तुकडा क्रॉकर काउंटी म्हणून परत वेगळा काढला, तर राज्याच्या सुप्रीम कोर्टानं वर्षभरात ती काउंटी रद्द केली, कारण राज्यघटनेत नव्या काउंटीला ४३२ चौरस मैलांची किमान मर्यादा आहे आणि हा तुकडा तेवढा भरत नव्हता. म्हणून कोसुथ शेजारणींपेक्षा एवढी लांबट दिसते, आणि त्याचं मूळ कारण परत पाणीच.

ही सगळी जमीन हिमनदीनं सोडून दिलेली आहे, भूगोलात तिला डेस मॉइन्स लोब म्हणतात. बर्फ वितळून गेला आणि मागं सपाट मैदान राहिलं, त्यात हजारो उथळ खळगी, ज्यांना वाहून जायला वाटच नाही. माती काळीभोर, सेंद्रिय कर्बानं भरलेली, पण पाय घातला की घोट्यापर्यंत रुतणार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला लोकांनी या जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, एकेक फूट लांबीच्या, टोकाला टोक लावून, सांध्यातून पाणी आत झिरपतं. तिलाच इथं टाइल म्हणतात, घराची फरशी नव्हे. आमच्याकडं कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या आणि मग लोक सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायला लागले, वाळव्यात, शिरोळात तुम्ही बघितलं असेल. तेच तंत्र इथं शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. मका आणि सोयाबीनचं ते सरळसोट हिरवं रान तुम्हाला वरून दिसतं, पण ते उभं आहे खालच्या नळ्यांवर, नळ्या काढल्या तर काही वर्षांत परत दलदल.

आता एका शेतकऱ्यानं आपल्या रानातलं पाणी काढलं तर ते शेजाऱ्याच्या रानात जाणार. त्याला पुढं न्यायला सामाईक मोठी नळी किंवा चर लागतो, आणि तो एकट्याच्या खिशातून होत नाही. म्हणून आयोवानं १९०८ ला राज्यघटना दुरुस्त करून ड्रेनेज डिस्ट्रिक्टची सोय पक्की केली. जमीनमालक अर्ज करतात, इंजिनियर रिपोर्ट देतो, सुनावणी होते, डिस्ट्रिक्ट बनतं, आणि खर्च ज्याला जितका फायदा त्यानं तितका द्यायचा. हा जिल्हा नाही हे लक्षात ठेवा, ही ठरावीक शेतांची पाण्यापुरती बांधलेली मोट आहे, तिची हद्द गावाच्या किंवा टाउनशिपच्या हद्दीशी जुळत नाही, पाणी जिथून येतं तिथपर्यंत ती जाते. अशी डिस्ट्रिक्ट्स या भागातल्या प्रत्येक काउंटीत ढिगानं आहेत. आणि यातल्या बहुतेकांचे विश्वस्त कोण, तर काउंटीचे सुपरवायझर.

इथून काउंटीकडं येतो. कलेक्टर नाही. राज्य सरकारनं पाठवलेला, सगळ्या खात्यांवर वचक असलेला एकही साहेब कोर्टहाउसमध्ये बसत नाही, आणि आपल्या लोकांची पहिली गडबड इथंच होते, आपण 'मोठ्या साहेबांना' शोधत बसतो. कोसुथमध्ये पाच सुपरवायझर, मतदारांनी चार-चार वर्षांसाठी निवडलेले, आणि यातले बरेच जण स्वतः शेती करणारे असतात. बजेट, रस्ते, झोनिंग (कुठं काय बांधायचं याचे नियम), ड्रेनेज हे त्यांचं काम. पण ऑडिटर (काउंटीच्या नोंदी आणि हिशोब ठेवणारा) वेगळा निवडून येतो, ट्रेझरर वेगळा, रेकॉर्डर वेगळा, शेरीफ वेगळा, काउंटी अ‍ॅटर्नी वेगळा, आणि सुपरवायझर यातल्या कुणाचेही साहेब नाहीत, फक्त त्यांच्या खात्याचं बजेट मंजूर करतात. असेसर, म्हणजे जो तुमच्या घराचं मूल्य ठरवतो, तो सुपरवायझर, गावांचे मेयर आणि शाळा बोर्डाचे प्रतिनिधी यांच्या एकत्र बैठकीतून नेमला जातो. काउंटी इंजिनियर बोर्ड नेमतं, तो लायसन्सधारक असावाच लागतो. शाळा तर पूर्णच वेगळं सरकार, स्वतःचं बोर्ड, स्वतःची लेव्ही, म्हणजे करआकारणी. तुमच्या मिसेस ज्या काउंटी हॉस्पिटलमध्ये जाणार त्याचे ट्रस्टीसुद्धा मतपत्रिकेवर असतात. आणि खेड्यात टाउनशिप नावाची अजून एक पायरी आहे, तीन ट्रस्टी आणि एक क्लार्क, अग्निशमनाची सोय, दफनभूमी आणि कुंपणाचे वाद एवढंच त्यांच्याकडं. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून जुंपलं तर आयोवाच्या कायद्यानं हे ट्रस्टी जागेवर जाऊन बघतात आणि निकाल देतात. आपल्याकडं बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, त्या मानानं ही सोय मला फार आवडते.

या सगळ्यांना अधिकार किती, तर राज्य देईल तेवढे. १९७८ ला काउंट्यांना होम रूल मिळाला, म्हणजे राज्याच्या कायद्याच्या विरोधात नसेल ते करता येतं, पण राज्यानं परवानगी दिल्याशिवाय नवा कर लावता येत नाही, आणि शेतीच्या बाबतीत तर हात जवळजवळ बांधलेलेच. तुमचा डुकरांच्या शेडचा प्रश्न इथं येतो.

शेतीच्या इमारतींना काउंटीचं झोनिंग लागू होत नाही. कोसुथच्याच दक्षिणेला लागून असलेल्या हम्बोल्ट काउंटीनं नव्वदच्या दशकात डुकरांच्या मोठ्या शेडवर स्वतःचे नियम करून पाहिले, १९९८ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ते उडवले. त्यानंतर २००२ च्या कायद्यानं मास्टर मेट्रिक्स, म्हणजे शेडच्या अर्जाला गुण द्यायचा तक्ता, आला. साधारण अडीच हजार विक्रीयोग्य डुकरांपासून पुढं बांधकाम परवाना लागतो, अर्जदाराला ८८० पैकी किमान ४४० गुण मिळवावे लागतात, अंतर जास्त ठेवलं, खत नीट जमिनीत मुरवलं अशा गोष्टींना गुण. काउंटी बोर्डानं दर जानेवारीत ठराव केला असेल तर त्यांना गुण तपासून शिफारस करता येते, सुनावणी घेता येते. शेवटचा निर्णय मात्र राज्याच्या डीएनआर (नैसर्गिक संसाधन) खात्याचा. म्हणून बरेच जण अडीच हजाराच्या किंचित खालीच शेड बांधतात, म्हणजे मेट्रिक्सचा प्रश्नच येत नाही. मी ना त्या शेतकऱ्यांच्या विरोधात आहे ना शेजाऱ्यांच्या, डुकरं हे या काउंटीचं मोठं उत्पन्न आहे आणि त्यांचं खत मक्याला लागतंच. पण तुम्ही बोर्डासमोर जाऊन 'शेड थांबवा' म्हणाल आणि ते मान खाली घालून बसतील, तेव्हा ते कुणाला घाबरतायत असं समजू नका, त्यांच्या हातात ते नाहीये. नव्या शेडला आधीपासूनच्या घरापासून ठरावीक अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे आधी कोण आलं याला किंमत आहे. शेड आधीचं असेल आणि तुम्ही नंतर जाताय तर तक्रारीला जागा राहत नाही. घर घेण्याआधी एकदा ऑगस्टच्या संध्याकाळी आणि एकदा सुगीनंतर, खत टाकायच्या दिवसांत, तिथं जाऊन उभे राहा. डीएनआरचा शेडचा नकाशा ऑनलाइन आहे, तो बघा.

आता परत त्या ड्रेनेजच्या ओळीकडं, कारण माझं खरं काम तेच आणि तुमचा पैसाही तिथंच अडकू शकतो.

मी नव्यानं आलो तेव्हाची गोष्ट. एका काउंटीत जून महिन्यात मक्याच्या रानात भोक पडलं म्हणून फोन आला. गेलो तर गुडघाभर मक्याच्या दोन ओळींच्या मध्ये न्हाणीघरातल्या बादलीएवढं भोक, वाकून बघितलं तर चार-पाच फुटांवर काळं पाणी वेगानं पळतंय आणि त्याचा आवाज येतोय, वरची माती हळूहळू त्यात गळून चाललेली. खालची मुख्य टाइल फुटली होती. शेतकऱ्यानं भोकाच्या कडेला एक लोखंडी सळी रोवून तिला नारिंगी फडकं बांधून ठेवलं होतं, ट्रॅक्टर जाऊ नये म्हणून. मग आम्ही ऑडिटरच्या ऑफिसात गेलो. तिथं एका बाईंनी स्टीलचा रुंद खण ओढला आणि कापडावर काढलेला जुना नकाशा टेबलावर पसरला, शंभर वर्षांपूर्वीचा, शाईनं काढलेली मेन, म्हणजे मुख्य नळी, तिच्या फांद्या, प्रत्येक फांदीला नंबर, शंभर-शंभर फुटांवर स्टेशन, म्हणजे मोजणीची खूण, आणि कडेला पेन्सिलनं कुणीकुणी केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदी. त्या नकाशावरून टेप धरून मोजत गेलो आणि नळी म्हटली त्या जागेपासून तीन फुटांच्या आत सापडली. तेव्हापासून काउंटीचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर बोर्डाची खोली येत नाही, तो खण येतो. खणातली कागदं नीट ठेवणारं माणूस असेल तर सगळं चालतं.

पैसे कसे वाटले जातात ते बघा. डिस्ट्रिक्टमधली सगळ्यात जास्त फायदा होणारी जमीन शंभर धरतात आणि बाकीच्यांना तिच्या तुलनेत आकडा देतात, जमीन किती ओली होती, मेनपासून किती लांब, मेनचा किती भाग वापरते हे बघून. हिशोब चाळीस एकराच्या तुकड्यावर चालतो, इथं त्याला नुसतं 'फोर्टी' म्हणतात. हे सगळं १७८५ च्या जमीन मोजणीच्या कायद्यातून आलंय, एक मैल बाय एक मैलाचं सेक्शन म्हणजे ६४० एकर, अशी ३६ सेक्शन्स म्हणजे एक टाउनशिप, सेक्शनचा चौथा भाग १६० एकर, त्याचा चौथा भाग फोर्टी. लहान तुकड्याला त्याच्या प्रमाणात लागतं, म्हणून तुमच्या पाच एकराच्या वाट्याला आत्ता थोडीच रक्कम दिसतेय. अडचण अशी की वर्गवारी कित्येक ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीची असते, आणि मोठं काम निघालं की इंजिनियरला बोलावून फेरवर्गवारी करतात, तेव्हा आकडे हलतात. जुन्या मातीच्या नळ्या आता आयुष्य संपवत आल्यात, आणि आजचे शेतकरी प्लास्टिकची टाइल दाट टाकतात त्यामुळे जुन्या मेनला पाणी झेपत नाही, म्हणून नवी मोठी मेन टाकायचे प्रस्ताव सारखे येत असतात. असेसमेंट, म्हणजे वाट्याला आलेली रक्कम, जमिनीला चिकटलेली असते, मालक बदलला तरी सुटत नाही. मोठी असेल तर हप्त्यानं भरता येते.

आणि एजंट सांगत नाहीत, बहुतेकांना माहीतही नसतं, ती गोष्ट अशी की सुनावणी होऊन गेलेलं पण लेव्ही न झालेलं काम टॅक्सच्या कागदावर दिसतच नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं असंच एकरेज घेतलं, एजंट म्हणाला किरकोळ आहे, आणि दीड वर्षानं हजारो डॉलरची नोटीस आली. मेन बदलायचा निर्णय त्यांच्या खरेदीच्या दोन महिने आधीच झालेला होता, सुनावणीची नोटीस अर्थातच जुन्या मालकाच्या नावानं गेली होती. कायद्यानं कुणाची चूक काढता आली नाही. म्हणून ऑडिटरच्या ऑफिसात फोन करा आणि सरळ विचारा: या पार्सलवर (जमिनीच्या तुकड्यावर) कुठली डिस्ट्रिक्ट्स आहेत, एकापेक्षा जास्त असू शकतात, काही थकबाकी आहे का, आणि इंजिनियरचा रिपोर्ट मागवलेला किंवा सुनावणी ठरलेली कुठली कामं पेंडिंग आहेत. हे तिसरं विचारायला विसरू नका. फोन उचलणारी व्यक्ती बहुतेक तीच असेल जी खण उघडते, आणि ती नीट सांगते, माझा अनुभव चांगलाच आहे.

मालक झालात की सुनावणीत बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिथं नागरिकत्व बघत नाहीत, जमीन कुणाच्या नावावर ते बघतात. मतदान मात्र नागरिकांनाच. बोर्डाच्या बैठका उघड्या असतात, अजेंडा किमान चोवीस तास आधी लावावा लागतो, आणि खोलीत बऱ्याचदा सुपरवायझर, ऑडिटर, स्थानिक पेपरचा एक बातमीदार आणि दोन-तीन माणसं एवढेच असतात. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल आपण चुकून कुणाच्या घरगुती बैठकीत आलो. एका सुनावणीत सत्तरीच्या एक बाई वहीत सगळे आकडे मांडून आल्या होत्या, त्यांचा फोर्टी शेजाऱ्यापेक्षा जास्त का धरला म्हणून, आम्ही तपासलं तर खरंच आमच्याकडून एक फांदी चुकीची धरली गेली होती, त्या दिवशीच दुरुस्त झालं. तेव्हा कागद घेऊन जा, ऐकतात.

याच पाण्याची दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. टाइल पाण्याबरोबर नायट्रेट पण नेते. कोसुथमधलं बरंचसं पाणी डेस मॉइन्स नदीच्या पूर्व फाट्यातून खाली राजधानी डेस मॉइन्सपर्यंत जातं, आणि तिथं लाखो लोक नदीचं पाणी पितात. २०१५ ला डेस मॉइन्सच्या वॉटर वर्क्सनं (पाणीपुरवठा संस्थेनं) सॅक, कॅल्हून आणि ब्युएना व्हिस्टा या तीन काउंट्यांच्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर खटला भरला, २०१७ ला फेडरल कोर्टानं तो काढून टाकला, कारण या डिस्ट्रिक्टना पाणी वाहून नेण्यापलीकडं अधिकारच नाहीत. कायद्यानं ते बरोबर असेल, पण प्रश्न तसाच आहे, २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट वाढल्यामुळे तिथं लॉनला पाणी घालायला बंदी करावी लागली. मी स्वतः टाइल टाकायची डिझाइनं करतो आणि मला हे बोचतं. सुगीनंतर पेरायचं आच्छादन पीक, टाइलच्या तोंडाशी नायट्रेट मोडणारा बायोरिअ‍ॅक्टर, पाणथळ जागा परत तयार करणं, हे उपाय चालतात, मी केलेत, पण अजून पुरेसे होत नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढा की विहिरीचं पाणी तपासून घ्या. आयोवात खासगी विहिरींची तपासणी काउंटीच्या सॅनिटेरियनकडून, म्हणजे स्वच्छता निरीक्षकाकडून, राज्याच्या निधीतून होते, नायट्रेट आणि जिवाणू दोन्ही, आणि लहान बाळ असेल तर नायट्रेट अजिबात टाळू नका. सेप्टिकचंही तेच. जुलै २००९ पासून घर विकताना सेप्टिकची तपासणी सक्तीची आहे. जुन्या फार्महाउसात सांडपाणी थेट शेतातल्या टाइलला जोडलेलं असणं ही फार साधी गोष्ट होती, आता ते बेकायदा आहे, आणि नवी सिस्टिम बसवायचा खर्च कुणाचा हे क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की व्हायच्या, आधीच लिहून घ्या. आणि अंगणात मेन कुठून जाते ते नकाशावर बघितल्याशिवाय झाडं लावू नका, विलो आणि कॉटनवुडची मुळं टाइल गच्च बंद करतात आणि बोर्ड ती झाडं काढायला लावू शकतं.

रस्त्याचं जरा पटकन सांगतो. १९४० ला या काउंटीत २६,६३० लोक होते, आता त्याच्या निम्म्याच्या जरा वर. ट्रॅक्टर मोठे झाले, शेतं मोठी झाली, मग ऐंशीच्या दशकात तर आयोवातली जमीन १९८१ च्या सरासरी २,१४७ डॉलर एकरावरून १९८६ ला ७८७ वर आली आणि कित्येक घरं उठली. (आता परत चढलीय, २०२३ ला सरासरी ११,८३५.) पण दर मैलाला आखलेले रस्ते आणि त्यांचे पूल आहेत तेवढेच, आणि त्यावरून जाणारी धान्याची गाडी आजोबांच्या काळापेक्षा कितीतरी जड. म्हणून काउंटी इंजिनियर प्रत्येक ओढ्याच्या पुलावर 'हा ठेवायचा की बंद करायचा' असा हिशोब करत बसलेला असतो. तुमच्या दारात ग्रॅव्हल असेल तर मेंटेनर, म्हणजे ग्रेडर, फिरतो, बर्फही काढतात, पण बहुतेक काउंट्यांत रात्री प्लाऊ चालत नाही. लेव्हल बी असा बोर्ड दिसला तर तो मातीचा, किमान देखभालीचा रस्ता, स्वतःच्या जबाबदारीवर जायचं, मार्चमध्ये तिथं गाडी रुतली तर ट्रॅक्टरवाल्यालाच बोलवा. तुमच्या मिसेसना रात्री इमर्जन्सीला जायचं असेल तर हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन: हायवे १८ किंवा १६९ पर्यंत पोचायला किती मैल ग्रॅव्हल आहे ते मोजा. उलट तुमच्याकडं अँब्युलन्स यायची असेल तर तेही विचारा, कारण आयोवात अँब्युलन्स ही काउंटीवर सक्तीची सेवा नाही, २०२१ च्या कायद्यानं ६० टक्के मतदारांनी मंजुरी दिली तरच तिच्यासाठी कर लावता येतो, आणि खेड्यात बरेच जण स्वयंसेवक आहेत.

अजून दोन गोष्टी, तुमच्या परिस्थितीसाठी खास. एक, आयोवात ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन घ्यायला कायद्यानं मनाई आहे. राहत्या घराची जागा वेगळी, पण तुमच्या पाच एकरात कुरण किंवा शेजाऱ्याला कसायला दिलेला तुकडा असेल तर त्या जागेचं काय धरतात हे स्थानिक वकिलाला आधी विचारा, मी वकील नाही. दोन, इथं टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काचा विमा, विकला जात नाही, त्याऐवजी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट असतं, पहिल्या सरकारी पट्ट्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या व्यवहारांची नोंद, वकील ते वाचून मत देतो. सातबारा आणि फेरफारांची चळत एकत्र बांधल्यासारखं. वकिलाला सांगा की तुम्हालाही वाचायला द्या, जुना ड्रेनेजचा हक्क, शेजाऱ्याच्या टाइलचा करार, सगळं त्यातच सापडतं.

टॅक्स मागच्या वर्षाचा पुढं भरायचा असतो, सप्टेंबर आणि मार्च अशा दोन हप्त्यांत, त्यामुळे विकणाऱ्यानं त्याच्या काळाचा वाटा क्लोजिंगला द्यायचा असतो. घरात राहायला गेलात की होमस्टेड क्रेडिटचा (राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज असेसरकडं १ जुलैच्या आत, आणि मूल्यांकन जास्त वाटलं तर बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडं २ ते ३० एप्रिलमध्येच, नंतर ऐकत नाहीत.

म्हणजे कुणाकडं जायचं याचं उत्तर असं पडतं: ड्रेनेज ऑडिटरकडं आणि मग बोर्डाकडं, रस्ता इंजिनियरकडं, घराचं मूल्य असेसरकडं, टॅक्स आणि गाडीचे कागद ट्रेझररकडं, विहीर आणि सेप्टिक सॅनिटेरियनकडं, कुंपण टाउनशिपच्या ट्रस्टींकडं, रात्रीबेरात्री काही झालं तर शेरीफ, आणि डुकरांच्या शेडसाठी डीएनआर.

डिसेंबरात तिथं असाल तर अल्गोनाच्या फेअरग्राउंडवर जाऊन या. दुसऱ्या महायुद्धात गावाबाहेर जर्मन कैद्यांची छावणी होती, १९४४ ते ४६ मध्ये सुमारे दहा हजार कैदी तिथून गेले, मजूर कमी पडले म्हणून ते आजूबाजूच्या शेतांवर कामाला जायचे. त्यांच्यातल्या काहींनी येशूजन्माचा देखावा केला, अर्ध्या आकाराच्या साठावर मूर्ती, आणि गावच्या मेथडिस्ट चर्चची माणसं तो आजही दरवर्षी मांडतात. मी दोनदा बघितलाय, मुलांना घेऊन.

पार्सल नंबर घेऊन फोन करा. जे उत्तर मिळेल ते इथं टाका, डिस्ट्रिक्टचा नंबर आणि फांदीचा नंबर दोन्ही, मी जुना रिपोर्ट कसा वाचायचा ते ओळीनं सांगतो.